तीन बोटांएवढं तोंड

आमच्या गावात तोंडाची तपासणी बुद्धविहाराच्या सभागृहात होते, कारण तिथले पंखे चालतात आणि फरशी धुतलेली असते. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचं बीपी बघायचं, शुगर बघायची आणि तोंड उघडून आत बघायचं, असा तो कार्यक्रम. मी मुकुटबनजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो आणि विहाराच्या समितीवर आहे, म्हणून रांग लावण्याचं काम माझ्याकडे येतं. खरं सांगायचं तर मी ते मागून घेतो. लोकांना ओळीत उभं करायला मला आवडतं.

पहिल्या शिबिराचा सुरुवातीचा बराच वेळ उद्घाटनात गेला. पाहुण्याला शाल दिली, फुलं दिली, खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या जाकिटाच्या बाहीवरूनच बीपीचा पट्टा गुंडाळला. फोटो निघाला, पट्टाही निघाला. आकडा कोणी बघितला नाही, पाहुण्यानेही विचारला नाही. मग तो माइकसमोर उभा राहून व्यसनमुक्तीवर बोलला. बोलता बोलता मधेच बाजूला वळला, शेवंतीच्या कुंडीत थुंकला आणि पुन्हा माइककडे आला. टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि मनातल्या मनात त्या सगळ्यांना शिव्या देत होतो.

पण पाहुणा परवडला. खरी किळस मला रांगेची यायची.

आमच्याकडे खर्रा खातात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून ठेलेवाला ते घोट घोट घोटतो, वर रबर लावतो, आणि माणूस ती पुडी दिवसभर खिशात बाळगतो. शेतात, गाडीवर, मयतीत, पोरीच्या लग्नात, कुठेही. बोलताना मान वर करून बोलायचं, म्हणजे ओठांतून सांडत नाही. नवीन माणसाला वाटेल इथले लोक फार ताठ मानेचे. तोंडाच्या तपासणीच्या रांगेतही अर्धे लोक असेच मान वर करून उभे होते. नंबर जवळ आला की बाहेर जायचं, थुंकायचं, चूळ भरायची आणि खिशातली पुडी सभागृहाच्या खिडकीत ठेवायची. डॉक्टरसमोर खिशात पुडी बरी दिसत नाही, एवढी लाज होती. तपासणी झाली की खिडकीतून आपली पुडी उचलायची. रबराच्या रंगावरून ओळखायचे. एकाने दुसऱ्याची उचलली म्हणून तिथेच भांडण झालं, आणि ते मला सोडवावं लागलं.

डॉक्टर एक तरुण पोरगा होता, दातांचा. त्याला संध्याकाळच्या आत झरीकडच्या आणखी एका गावात पोचायचं होतं. तो खुर्चीतून न उठता सांगायचा, "तोंड उघडा. आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून दातांमध्ये घाला." तीन बोटं गेली की ठीक. नाही गेली तर बाजूच्या बाकावर बसायचं, मग यवतमाळच्या दवाखान्याची चिठ्ठी. खर्रा खाऊन खाऊन गालाच्या आतली कातडी आवळत जाते, तोंड उघडेनासं होतं, आणि ते पुढच्या मोठ्या आजाराच्या आधीचं लक्षण असतं. हे मी वर्गात शिकवतो. फळ्यावर जबड्याचं चित्रही काढतो.

आमच्या लोकांनी या तपासणीचं काय करावं? तिचा खेळ केला. शिबिर झालं त्याच आठवड्यात ठेल्यावर तीन बोटांची शर्यत सुरू झाली. ज्याची बोटं जाणार नाहीत त्याने सगळ्यांना खर्रा चारायचा. आजार ओळखायची खूण आजार वाटून घ्यायला वापरणारी माणसं दुसरीकडे कुठे असतील असं मला वाटत नाही. शाळेत जाताना मी रोज बघायचो. मोठाले बाप्ये, पोरं कॉलेजात गेलेली, भर रस्त्यात तोंडात बोटं खुपसून उभे, आणि बाकीचे ओरडतायत, "घाल बे, घाल! अजून एक! अबे नखं काप ना!"

या शर्यतीत माझा साळा कधीच हरला नाही.

माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. चाळिशी उलटलेला. थोडी कपाशी, थोडं सोयाबीन, आणि हंगामात पिकअप चालवतो. त्याची बोटं लांब आणि बारीक, बाईच्या हातासारखी. ती तिरकी धरायची त्याने एक लकब काढली होती. मला पाहिलं की मुद्दाम हाक मारायचा, "भाटवे, या ना! मास्तर लोकाइले माफ हाय का?" भाटवे म्हणजे बहिणीचा नवरा. या नात्यात थट्टा चालते, चालायलाच हवी. मी मात्र उत्तर न देता गाडी पुढे काढायचो. गाडीच्या आरशात तो हसताना दिसायचा, लाल दात, मान वर.

मी त्याला तुच्छ मानत होतो, हे मला सौम्य करून सांगायचं नाही. त्याच्या कपड्यांना खर्र्याचा वास यायचा म्हणून त्याला मी घरातल्या खुर्चीवर बसवत नसे, ओट्यावर गप्पा मारत असे. मी सुपारीसुद्धा खात नाही. वर्षातून एकदा वणीला जाऊन रक्त तपासून येतो आणि तो कागद जेवणाच्या टेबलावर दोन-चार दिवस पडू देतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. कोणी विचारलंच तर म्हणतो, "काही नाही, सगळं नॉर्मल." हे म्हणताना मला जे सुख होतं ते निरोगी असण्याचं नसतं. दुसरा कोणीतरी निरोगी नाही, याचं असतं.

पुढच्या वर्षी पुन्हा शिबिर आलं. तोच डॉक्टर, तीच खिडकी. सभागृहात उजेड कमी होता म्हणून मोबाइलची बॅटरी धरायचं काम मी घेतलं. साळ्याचा नंबर आला. त्याने बोटं घातली, डॉक्टर म्हणाला, "चला, पुढे." मी बॅटरी धरून होतो, पण मान वळवली होती. त्या तोंडात बघायची मला इच्छा नव्हती. साळा उठताना म्हणाला, "काय भाटवे, पास ना?" मी म्हटलं, "पुढच्याला येऊ दे."

त्यानंतर काही आठवड्यांनी मुकुटबनच्या बाजारात आम्ही गेलो होतो, मी, बायको आणि भाजीची पोती आणायला म्हणून पिकअप घेऊन आलेला साळा. बायकोला गुपचुप खायचं होतं. मुंबई-पुण्याकडे त्याला पाणीपुरी म्हणतात. गाडीवाल्याने तिघांच्या हातात द्रोण दिले. बायकोने पहिलं गुपचुप अख्खं तोंडात टाकलं. मीही टाकलं. साळ्याने त्याचं द्रोणातच बोटाने फोडलं, चुरा केला, पाणी त्यातच ओतलं आणि द्रोण तोंडाला लावून प्याला.

बायको हसली. "अरे, लहान पोट्ट्यावानी काय खाऊन राह्यला?"

"मिशीले पाणी लागते ना बाई."

"मिशी कालपासून आली का तुले?"

दुसरं गुपचुप आलं तेव्हा तो गाडीवाल्याला हळूच म्हणाला, "तिखट पानी नको टाकू. गोडच दे." हा माणूस लहानपणी माझ्यासमोर पैज लावून हिरव्या मिरच्यांचा ठेचा नुसता खात असे. मी त्याच्या हाताकडे बघत राहिलो. तिसरंही त्याने फोडलं. चौथंही.

मला कळलं. गुपचुप अख्खं जाण्याइतकं त्याचं तोंड उघडत नव्हतं, आणि तिखट आत लागत होतं. विहारात पंख्याखाली बसून जे कोणाला दिसलं नाही ते इथे द्रोणात दिसत होतं.

आता मला जे कबूल करायचं आहे ते असं, की मला आधी भीती वाटली नाही. आधी बरं वाटलं. माझंच खरं निघालं, असं वाटलं. भीती नंतर आली, आणि ती आल्यावर मला स्वतःचाच इतका राग आला की तोही मी त्याच्यावरच काढला.

त्याला गाडीमागे, पिकअपच्या आडोशाला नेलं. "तोंड उघड."

"कायले?"

"उघड म्हणतो ना."

"शाळा भरली का इथं?" तो हसला, पण त्याने बोटं घातली. तीच बारीक बोटं, तिरकी, नखांच्या कडेवर. "पाह्यलं? चॅम्पियन हाय मी."

"आता माझी."

त्याचं हसू थांबलं. मग म्हणाला, "हात तं धुवा. खडूचे हात घेऊन येता."

बाटलीतल्या पाण्याने मी हात धुतले. माझी बोटं जाड आहेत. पहिलं गेलं, दुसरं दातांवर घासत गेलं, तिसऱ्याला जागाच नव्हती. त्याचा श्वास माझ्या तळव्यावर येत होता. गालाच्या आत बोट फिरवलं तर मऊ लागायला हवं तिथे ताणलेल्या सुतळीसारखं लागलं. "चावीन हं," तो बोटांमधून म्हणाला. मोबाइलचा उजेड पाडला. डाव्या गालाच्या आत एक पांढरा चट्टा होता, भिंतीवर चुना वाळून तडकावा तसा.

मी बोटं काढली, पुसली आणि बोलायला लागलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. सगळं शास्त्रीय होतं. त्यात एकही चूक नव्हती. बायको, पोरं, शेत, अडाणीपणा, खिडकीतल्या पुड्या, ठेल्यावरचा तमाशा, सगळं आलं. तुझ्यासारख्यांमुळे हा तालुका मागे आहे, असंही बोललो. भाजीवाली एक बाई थांबून ऐकायला लागली.

त्याने तोंड पुसलं. "झालं?"

"यवतमाळला चल."

"नाई येत."

"मरायचं आहे का तुला?"

"गेलो की थे लोक काहीतरी काढतेच. आता मी चालतो, फिरतो, गाडी चालवतो. थेच बरं हाय." मग तो गाडीला टेकला. "अन् आज कायले इचारता? शिबिरात तुमीच तं बॅटरी धरून होते."

मी म्हटलं, "तुझी बोटं गेली तेव्हा."

"गेली ना. आठवडाभर घरी मेहनत केली. कोमट पान्याच्या गुळण्या केल्या. रोज सकाळी दातात मक्याचं कणीस धरून बसलो. बायको म्हणे, कुत्र्यावानी काय करून राह्यले."

"कशासाठी? तपासणीच्या आधी तयारी करतात का कोणी? ती काय परीक्षा आहे?"

"तुमी होते म्हणून." तो माझ्याकडे न बघता बोलला. "डॉक्टरची मले कायची लाज? थो पोट्टा गाडीत बसून गेला. त्या बाकावर जाऊन बसलो असतो तं तुमी पाह्यलं असतं. तुमी जसे पाहाता तसं. तुमी तं जिंदगीभर आहा."

पिकअपमध्ये परत येताना बायको मधे बसली होती.

आमचे लोक मूर्ख आहेत, हे मत मी त्या दिवशी बदललं नाही. तपासणीला परीक्षा समजून तयारी करणारा माणूस मूर्खच. शाळेतले माझे सहकारीही हेच करतात. शुगर तपासायच्या आधी चार दिवस कारल्याचा रस पितात, भात सोडतात, आणि रिपोर्ट चांगला आला की त्या रात्री मटण. कोणाला फसवलं, याचा पत्ता नाही. पण परीक्षा घेणारा असल्याशिवाय परीक्षा होत नाही, आणि तो मी होतो. माझी नजर चुकवण्यासाठी त्या माणसाने स्वतःचा आजार लपवला, आणि लपवलेला आजार समोर उघडा असताना मी किळस येते म्हणून मान वळवली. विहारात आम्ही दोघांनी मिळून त्या तपासणीचा फज्जा उडवला.

नंतर तो आमच्या घरी यायचा बंद झाला. बायकोला मी चट्ट्याचं सांगितलं. ती रडली, मग उठून तिने भाकरी टाकली, आणि तव्याकडे बघत म्हणाली, "तुमी त्याले काय बोलले?"

"खरं तेच बोललो."

"तुमी माणसाले सांगता कमी अन् पाणउतारा करता जास्त." भाकरी उलटली. "त्याले दवाखान्यात न्या. शाळेत नका नेऊ."

मला हे वाक्य लागलं. मी दोन दिवस तिच्याशीही धड बोललो नाही. अपमान झाला की मी असाच वागतो, आणि त्याला स्वाभिमान म्हणतो. पण दिवस जात होते आणि तो चट्टा तिथेच होता. झोपताना मला तो दिसायचा. माझ्या मानापायी आणखी एक महिना गेला आणि त्या महिन्यातच काही झालं तर? शेवटी एका सकाळी मी त्याच्या घरी गेलो. तो पिकअप धूत होता. बोलायचं काय ते मी रस्त्यात ठरवलं होतं, मुद्द्यांसकट. तिथे पोचल्यावर फक्त एवढंच म्हणालो, "मले भीती वाटून राह्यली."

घरात मी असं बोलत नाही. शाळेत तर नाहीच. मास्तर झाल्यापासून मी ही बोली तोंडातून काढून टाकली होती. त्याने पाण्याचा पाइप खाली टाकला आणि माझ्याकडे नीट पाहिलं.

"तुमाले कायची भीती?"

"तुझ्या जिवाची."

पाइप उचलून त्याने चाकावर पाणी मारलं. मग म्हणाला, "येतो. पण तुमी आत येयचं नाई. बाहेर बसायचं."

मी कबूल केलं.

पांढरकवड्याला गाडी बदलून आम्ही यवतमाळला गेलो. दवाखान्यात तोंडाच्या विभागासमोर लांब बाक होता आणि त्यावर आमच्याच जिल्ह्यातली माणसं, मान वर करून बसलेली. एक जण तर बसल्या जागी घोटत होता. मी त्याच्याकडे बघितलं आणि मनात नेहमीचं सगळं आलं, एकही शब्द कमी न होता. सवय अशी जात नाही. साळा आत गेला. त्यांनी गालातला बारीकसा तुकडा काढून तपासायला पाठवला. तो बाहेर आला तेव्हा तोंडात कापूस होता, बोलता येत नव्हतं. गावापर्यंत तो खिडकीबाहेर बघत बसला, आणि आमच्या नात्यात पहिल्यांदाच मला त्याच्या बडबडीची आठवण आली.

रिपोर्टसाठी पुन्हा जायचं होतं. या वेळीही अट तीच. मी बाकावर बसलो. दाराला फक्त पडदा होता आणि आतली डॉक्टरीण मोठ्याने बोलणारी होती.

"सोबत कोण आहे?"

"कोनी नाई. एकटाच आलो."

मी उठलो नाही. उठणं सोपं होतं. उठलो असतो, पडदा सारला असता, मी शिक्षक आहे म्हणून सांगितलं असतं आणि सगळं नीट समजून घेतलं असतं. मी बाकाची कड धरून बसलो आणि ऐकत राहिलो. कॅन्सर अजून नाही, ती म्हणाली. अजून. चट्टा वाईट आहे, तो कधीही बदलू शकतो. खर्रा आजच्या आज बंद. तोंडाचे व्यायाम. दर तीन महिन्यांनी येऊन दाखवायचं, बरं वाटलं तरी यायचं, नाही आलात तर इथे बसून मला काही करता येणार नाही. समजलं का?

"हाव."

तो बाहेर आला. मी त्याच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि मनात उत्तर तयार ठेवत होतो. तो खोटं बोलणार याची मला खात्री होती. काही नाही म्हणते, म्हणेल. हसेल. मग मी म्हणेन, मी सगळं ऐकलं आहे. हे वाक्य जिभेवर तयार होतं.

"काय म्हणाल्या?"

"अजून नाई म्हणते." तो माझ्या शेजारी बसला. "पन होऊ शकते. चट्टा खराब हाय. खर्रा बंद. तीन महिन्यानं बोलावलं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "सोडनं जमन का नाई, मले मालूम नाई. आत्ताच हवा वाटून राह्यला."

जे वाक्य तयार होतं ते मी गिळलं. त्याने फाइल माझ्याकडे दिली नाही, स्वतःच्या काखेत धरली.

"तीन महिन्यानं येसान का?"

"येतो," मी म्हटलं. "बाहेर बसतो."

"हाव. बाहेरच बसा." तो उठला आणि बसस्टँडकडे कोणता रस्ता जवळ पडतो यावर माझ्याशी वाद घालायला लागला. त्याचं चुकत होतं. मी त्याच्या मागे गेलो.